अकरा टीएमसीचा सातबारा : पाटानं घडवलेलं श्रीरामपूर

दरवर्षी ऑगस्टमध्ये नगरच्या पेपरांत एक बातमी हमखास येते: भंडारदरा भरलं. पंधरा ऑगस्टपर्यंत हे धरण भरतंच अशी तिकडच्या लोकांची जुनी श्रद्धा आहे आणि बहुतेक वर्षी पाऊस तिची लाज राखतो. दोन महिन्यांनी दुसरी बातमी येते, जायकवाडीला पाणी सोडण्यावरून वाद. पुढे तिसरी: आवर्तन लांबलं, टेलचे, म्हणजे पाटाच्या शेवटाचे, शेतकरी रस्त्यावर. ज्याचा पाटाशी कधी संबंध आला नाही त्याला साहजिकच वाटतं, धरण तर भरलं होतं, मग पाणी गेलं कुठं?

उत्तर द्यायचं तर धरणाच्या भिंतीजवळ उभं राहून चालत नाही, पाटाच्या शेवटाकडे जावं लागतं. म्हणून इथे श्रीरामपूरची गोष्ट घेतली आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातलं हे गाव २०११च्या जनगणनेत नव्वद हजारांच्या आसपास लोकवस्तीचं होतं. इथे ना जुना किल्ला, ना मोठं तीर्थ, ना राजधानीचा इतिहास. हे गाव पाटानं घडवलं. जे पाणी पाटात येतं त्याच्या सातबाऱ्यावर शंभर वर्षांत एकामागून एक नावं चढत गेली. क्षेत्र मात्र तेवढंच राहिलं. सगळा घोळ तिथेच आहे.

पाऊस एकीकडे, शेत दुसरीकडे

प्रवरा नदी अकोले तालुक्यात रतनगडाच्या परिसरात उगम पावते. घाटघर, रतनवाडी या भागात वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर श्रीरामपूर, तिथला पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. तोही कधी येतो, कधी नाही. ढग सह्याद्रीच्या उंबऱ्यावरच ओले पाय झटकतात आणि घरात कोरडे येतात. या कोरड्या भागाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

गंमत म्हणजे जमीन इथेच चांगली. गोदावरी-प्रवरेच्या दुआबातली काळी, खोल, ओल धरणारी माती. पाण्याच्या जागी माती नाही आणि मातीच्या जागी पाणी नाही, अशी ही जोडी. पाटबंधाऱ्याचं काम म्हणजे या दोघांची सोयरीक जुळवणं.

पहिला प्रयत्न १८७०च्या दशकातला. संगमनेरच्या खाली ओझरला नदीत बंधारा घालून छोटा कालवा काढला गेला. पण त्याला धरणाचा आधार नव्हता. नदीत पाणी असेल तेव्हा कालव्यात पाणी. म्हणजे पावसाळ्यात, जेव्हा फारशी गरज नसते, तेव्हा भरपूर. आणि मार्चनंतर, जेव्हा जीव जायची वेळ येते, तेव्हा ठणठणाट. शेत पिकलं पण घरात कणगी नाही अशी ती अवस्था.

१८७६ ते ७८चा दुष्काळ, मग १८९६-९७चा आणि त्याच्या पाठोपाठ १८९९-१९००चा, या तीन तडाख्यांनी दख्खन खचलं. १९०१ साली नेमलेल्या पाटबंधारे आयोगानं दोन वर्षं देशभर फिरून अहवाल दिला. दख्खनसाठी त्याचा सांगावा साधा होता: घाटमाथ्यावरचं पाणी घाटातच अडवा आणि ते उन्हाळ्यासाठी राखून ठेवा. कणगी बांधा, म्हणा ना. १९१० साली भंडारदऱ्याचं काम सुरू झालं आणि १९२६च्या डिसेंबरात मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी धरणाचं उद्घाटन केलं. धरणाला विल्सन डॅम आणि जलाशयाला आर्थर लेक अशी साहेबी नावं मिळाली. लोकांनी ती कधी वापरली नाहीत. भिंतीची उंची सुमारे २७० फूट, आणि साठा ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे बोलण्यातले अकरा टीएमसी.

तीन शब्द, मग बातम्या आपोआप कळतात

पहिला शब्द टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी, लिटरमध्ये सुमारे २,८३१ कोटी. हे डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून दहा हजार लिटरचा टँकर घ्या. एक टीएमसी म्हणजे असे अठ्ठावीस लाख टँकर. प्रचंड वाटतं ना? आता उलट्या बाजूनं बघा. एका एकरात तीन इंच पाणी भरायला तीन लाख लिटर लागतात, म्हणजे तीस टँकर. एक एकर, एकच पाणी. टीएमसी लहान वाटायला लागतो तो इथे.

दुसरा शब्द क्युसेक. टीएमसी हा साठा, तर क्युसेक हा वेग. दर सेकंदाला एक घनफूट पाणी, म्हणजे साधारण अठ्ठावीस लिटर. दोनशे लिटरचं टिपाड सात सेकंदांत भरेल एवढी धार. एक क्युसेक धार दिवसभर चालली तर दोन एकरांत फूटभर पाणी उभं राहतं. पाट ५०० क्युसेकनं वाहत असेल तर एक टीएमसी संपायला साधारण तेवीस दिवस लागतात. पेपरात धरणातून सुटलेल्या पाण्याचा आकडा वाचला की हा तेवीस दिवसांचा हिशेब मनात ठेवा.

तिसरा शब्द आवर्तन. पाट बारमाही वाहत नाही. तो ठरावीक दिवस सुटतो, मग बंद होतो, मग पुन्हा सुटतो. एका सुटण्याला आवर्तन म्हणतात, गावात रोटेशन. त्या दिवसांत कुणी कधी पाणी घ्यायचं याची जी यादी असते ती शेजपाळी. पाटकरी, म्हणजे पाटाची दारं उघडणारा-मिटणारा सरकारी माणूस, या यादीप्रमाणे चाऱ्या सोडतो. चारी म्हणजे मुख्य पाटाची फांदी. शेतकऱ्यानं आधी सात नंबरचा अर्ज भरून पाणी मागायचं असतं.

एवढ्यावर पाटाचं शास्त्र संपलं. उरतो तो स्वभाव.

पाटाच्या वर आणि पाटाच्या खाली

भंडारदऱ्याचं पाणी थेट पाटात जात नाही. ते नदीनं खाली येतं आणि ओझरच्या बंधाऱ्यावर अडवून दोन पाटांत वाटलं जातं. डावा पाट साधारण ७७ किलोमीटरचा, उजवा पन्नासेक किलोमीटरचा. श्रीरामपूर डाव्या पाटावर आहे.

पाटात पंप नसतो. पाणी फक्त उताराच्या जोरावर जातं, त्यामुळे उतार जपून खर्च करावा लागतो. नदी झपाझप खाली उतरते, पाट मात्र रमतगमत, डोंगराच्या कडेकडेनं, जवळजवळ सपाटीनं चालतो. जसजसं पुढे जावं तसतसा तो नदीपासून दूर आणि वर राहतो. नदी आणि पाट यांच्यामधली जी जमीन, तिलाच पाणी मिळू शकतं. यालाच लाभक्षेत्र म्हणतात.

याचा अर्थ असा की एकाच शिवारात, एकाच मातीत, एकाच भावकीत, पाटाच्या खालच्या अंगाला जमीन आली तो बागाईतदार झाला आणि वरच्या अंगाला आली तो जिराईत राहिला. मधे फक्त पाटाची रुंदी. जमिनीचा भाव, सोसायटीचं कर्ज, मुलाच्या लग्नाची बोलणी, सगळं त्या रेषेवर ठरू लागलं. ती रेषा कुणी जात बघून किंवा पुण्याई बघून आखलेली नव्हती. सर्वे करणाऱ्या ओव्हरसियरच्या दुर्बिणीत जी पातळी दिसली, ती नशिबाची रेषा ठरली.

स्टेशन होतं, गाव नव्हतं

पाटाआधी इथे रेल्वे आली होती. दौंड-मनमाड मार्ग १८७८ साली सुरू झाला. जवळचं नावाजलेलं गाव होतं प्रवरेकाठचं बेलापूर. ते रुळांपासून काही किलोमीटर दूर पडलं, म्हणून स्टेशन झालं बेलापूर रोड. स्टेशनाभोवती जी वस्ती वाढली ती पुढे श्रीरामपूर. गावानं नाव बदललं, तरी रेल्वेनं बेलापूर सोडलं नाही. नवी मुंबईतल्या बेलापूरशी होणाऱ्या गोंधळाला इथल्या पाहुण्यांनी कायमचं तोंड दिलेलं आहे.

चाळीस-पन्नास वर्षं हे स्टेशन तसं रिकामंच होतं. ज्वारी-बाजरीच्या मुलखातून रेल्वेनं न्यायचं काय? पाट आल्यावर मात्र दोन रेषा एकमेकींना भेटल्या. एक माल पिकवणारी, एक माल नेणारी. उसाचा गूळ झाला, गुळाच्या ढेपा वॅगनात चढल्या, स्टेशनाजवळ आडतीची दुकानं लागली, मोसंबीच्या बागा उभ्या राहिल्या. आडत्यांच्या मागून खत-औषधवाले, लोहार, बँक, वकील आले. बेलापूरला जुनी पेठ होती, पण व्यापार स्टेशनावर गेला आणि तालुक्याचं ठिकाणही तिथेच झालं. आज एमएच १७ पाटीची गाडी दिसली की ती श्रीरामपूरची, एवढी त्या एकेकाळच्या स्टेशनाची वट.

बाहेरून माणसंही आली. सासवडचे माळी नीरा कालव्यावर आधीच ऊस करत होते. ती कला गाठीशी घेऊन त्यांच्यातले अनेक जण गोदावरी आणि प्रवरेच्या पाटांवर आले, खंडानं जमिनी घेतल्या. स्थानिक शेतकरी त्यांच्याकडे बघून शिकला. पाणी सरकारनं आणलं, पण पाण्यानं शेती करायची अक्कल नीरेकाठच्या माळ्यांनी आणली, असं म्हटलं तर फार चूक नाही.

दुष्काळासाठी काढलेला पाट उसाचा कसा झाला?

प्रवरेचा पाट असो की त्याआधी १८८५ साली सुरू झालेला नीरेचा डावा कालवा, मूळ हेतू ऊस नव्हताच. दुष्काळात माणसं आणि ज्वारी वाचावी, हा होता. अशा कामाला 'संरक्षक' पाटबंधारे म्हणायचे.

पण अडचण अशी. बऱ्या पावसाच्या वर्षी ज्वारीवाला पाटाचं पाणी घेत नाही. पाणीपट्टी कशाला भरायची, आभाळातून फुकट मिळतंय ना? वाईट वर्षी मात्र सगळेच एकदम धावतात आणि पाणी पुरत नाही. छत्रीचं दुकान काढावं आणि गिऱ्हाइकानं फक्त ढगफुटीच्या दिवशी यावं, तसं. नीरेवर सरकारनं हा तोटा सोसला. मग ध्यानात आलं की दरवर्षी, न चुकता, भरपूर पाणी मागणारं आणि पट्टी भरणारं पीक एकच आहे. ऊस.

नीरा कालव्यावर हा पेच सोडवायला मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातले एक अभियंते बसले, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांनी काढलेली ब्लॉक पद्धत अशी: शेतकऱ्याला काही वर्षांसाठी पाण्याची हमी द्यायची, पण ठरावीक क्षेत्राच्या ब्लॉकवर, आणि त्यातल्या तिसऱ्या हिश्श्यातच ऊस करायचा. बाकीच्यात हंगामी पिकं, आणि ऊस दरवर्षी जागा बदलणार. एका दगडात तीन पक्षी: सरकारला महसूल, जमिनीला विसावा, आणि पाणी थोडक्या बड्यांकडे न जाता पसरून वाटलं जाणार.

मला या पद्धतीतली हमीची बाजू सगळ्यात मोलाची वाटते. उद्याचं पाणी नक्की असेल तर माणूस कर्ज काढतो, बैलजोडी वाढवतो, गुऱ्हाळ घालतो. श्रीरामपूरची पेठ पाण्याइतकीच पाण्याच्या भरवशावर उभी राहिली. पुढे हा भरवसा ढिला होत गेला आणि आजची बरीच भांडणं तिथून सुरू झाली.

कंपनीचे मळे आणि खंडकरी

ऊस आला तशी साखर आली. हरेगावला ब्रिटिशांच्या बेलापूर कंपनीनं १९२०च्या दशकात साखर कारखाना काढला. १९३२ साली सरकारनं देशी साखरेला आयातीपासून संरक्षण दिलं आणि एकदम कारखान्यांचं पेव फुटलं. पुढच्याच वर्षी श्रीरामपूरजवळ टिळकनगरला महाराष्ट्र शुगर मिल्स उभी राहिली.

या कंपन्यांना नुसता कारखाना पुरणारा नव्हता, हजारो एकर सलग ऊस हवा होता. तो त्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडानं घेऊन उभा केला. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला तेव्हा खंडाचे रोख पैसे बरे वाटले. कंपनीनं विहिरी, चाऱ्या, ट्रॉलीचे रूळ, कामगारांच्या चाळी केल्या. लांबलांबून मजूर आले आणि राहिले. हरेगावची मतमाउलीची, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या मदर मेरीची, यात्रा ज्यांनी पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे, साखरेच्या मळ्यांभोवती किती तऱ्हेची वस्ती जमली होती.

पुढचा भाग बाहेरच्यांना फार कमी माहीत असतो. १९६१ साली महाराष्ट्रात जमीनधारणेवर कमाल मर्यादा घालणारा कायदा झाला. कंपन्यांकडचे मळे जादा जमीन म्हणून सरकारजमा झाले आणि ते कसण्यासाठी १९६३ साली शेती महामंडळ निघालं. पण त्या मळ्यांतली बरीच जमीन कंपनीची नव्हतीच, ती खंडानं घेतलेली होती! ज्यानं भाड्यानं घर दिलं त्याचं घर भाडेकरूच्या नावावर जप्त व्हावं, असा हा प्रकार. या मूळ मालकांना खंडकरी शेतकरी म्हणतात. सरकारदरबारी, कोर्टात, मोर्चात त्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या. जमिनी प्रत्यक्ष परत मिळू लागल्या त्या २०१२च्या सुमारास. श्रीरामपूर परिसरात एखाद्या शेताबद्दल "ही खंडकऱ्याची" असं कुणी म्हणालं, तर त्या एका शब्दात एवढा इतिहास असतो.

दरम्यान शेजारच्या लोणीत दुसरीच वाट निघाली होती. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी स्वतःच्या भागभांडवलावर प्रवरा सहकारी साखर कारखाना उभारला. त्याचा पहिला हंगाम १९५०-५१चा. जमीन खंडानं न देता, तिचा मालक राहून कारखान्याचाही मालक व्हायचं. ही कल्पना पुढे महाराष्ट्रभर पसरली, हे सांगायला नको. सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर पाण्यावर आता ज्वारी, ऊस, कंपनी आणि सहकारी कारखाना अशी चार नावं लागली होती.

जमीन रुसते तेव्हा

भरपूर पाणी म्हणजे भरपूर पीक, हा समज काळ्या मातीनं लवकरच मोडला. पाटाचं पाणी जिरत जिरत भूजलाची पातळी वर आणतं. काळी माती निचरा करत नाही. पाणी मुळांपर्यंत आलं की उन्हानं ते वर खेचलं जातं, पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. आंघोळीच्या बादलीला आतून पांढरी पुटं धरतात तशीच ही पुटं, फक्त शेतावर. अशी जमीन आधी पाणथळ, मग खारपड, आणि शेवटी चोपण होते: पावसात चिखल, उन्हात दगड.

दख्खनच्या कालव्यांवर ही डोकेदुखी इतक्या लवकर सुरू झाली की पाण्याचा वापर सुधारण्याचा अभ्यास करायला मुंबई सरकारनं १९१६ सालीच खास विभाग काढला. खडकवासल्याची आजची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था ही त्याच विभागाची वाढलेली शाखा. नीरेकाठी पाडेगावला १९३२ साली ऊस संशोधन केंद्र झालं आणि खारवट जमिनीत तग धरणाऱ्या जातींपर्यंत मजल गेली. फुले २६५ हा ऊस शेतकऱ्यांना माहीत असतोच.

न दिसणारा दुसरा पाट

जिरलेलं सगळंच पाणी वाया जात नाही, हे मात्र लक्षात घ्यायला हवं. पाटाच्या पाझरानं आजूबाजूच्या विहिरी भरतात. आधी मोट होती, मग इंजिन आलं, मग वीज. श्रीरामपुरात १९६९च्या सुमारास मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था निघाली. २०११पर्यंत या पट्ट्यातल्या गावांना वीज देणारी ही ग्राहकांच्या मालकीची संस्था होती, देशात असं फार थोड्या ठिकाणी होतं. विजेचा पंप बसला आणि शेतकऱ्याला पाटकऱ्याची वाट बघायची गरज उरली नाही. ज्याची जमीन पाटाच्या वर होती, त्यानंही खाली विहीर खोदून पाइपलाइन वर नेली. साहेबाच्या दुर्बिणीनं आखलेली नशिबाची रेषा पहिल्यांदा इथे पुसट झाली.

म्हणजे कागदावर एक पाट आणि जमिनीखाली दुसरा. सरकारी हिशेबात पहिल्याचंच पाणी मोजलं जातं. यामुळे पुढचे वाद किती अवघड होतात ते बघू.

"धरण शंभर टक्के भरलं, मग टेलला पाणी का नाही?"

पंगत आठवा. जिलबीचं ताट घेऊन वाढपी निघतो. पहिली पानं आग्रहानं वाढली जातात, मधली हिशेबानं, आणि शेवटच्या पानापर्यंत ताटात पाकच उरतो. पाटाचंही असंच. सुरुवातीच्या गावांना हेड म्हणतात, शेवटच्यांना टेल. मातीच्या पाटात वाटेतच पाणी जिरतं, वाफ होते, मोऱ्या फोडल्या जातात, रात्री कुणी दार जरा जास्त उचलतं. त्यामुळे हेडला सुटलेला क्युसेक टेलला क्युसेक राहत नाही.

शिवाय भरलेलं धरण सगळं शेतीचं नसतं. पिण्याचं पाणी आधी. श्रीरामपूरसारख्या गावांचे साठवण तलाव याच आवर्तनावर भरतात. गाव वाढलं तशी ती मागणी वाढली, उद्योगांची वाढली. अकोल्याच्या आदिवासी पट्ट्याचाही प्रश्न आहे, ज्यांच्या डोक्यावर पाऊस पडतो आणि ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांच्या वाट्याला बराच काळ धरणाचा नुसता देखावा आला.

"सगळं पाणी ऊस पितो. बंद का करत नाहीत?"

आकडेमोड करून बघू. सुरू ऊस, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत लावलेला, पाटानं भिजवला तर वर्षभरात साधारण अडीच मीटर, म्हणजे आठ फूट पाणी घेतो. रब्बी ज्वारीला तीन-तीन इंचांची तीन पाणी दिली तर पाऊण फूट. एक टीएमसी पूर्ण शेतात पोचलं असं धरलं तर त्यात सुमारे २,८०० एकर ऊस होतो, किंवा तीस हजार एकर ज्वारी. वाटेत निम्मं जिरतं असं मानलं तर दोन्ही आकडे निम्मे करा. प्रमाण तेच राहतं, एकाला दहा. टीका करणाऱ्यांचं गणित चुकलेलं नाही.

पण शेतकऱ्याच्या बाजूनं बघा. पुढचं आवर्तन तीन आठवड्यांनी येईल की सहा, हे त्याला माहीत नसतं. टोमॅटो पंधरा दिवस उपाशी राहिला की गेला. ऊस सुकतो, पिवळा पडतो, पाणी आलं की पुन्हा उभा राहतो. त्याला ठरलेलं गिऱ्हाईक आहे, भावाला कायद्याचा आधार आहे, तो वाटेत नासत नाही. ऊस खूप पाणी पितो हे खरं, पण पाण्याच्या बेभरवशाला सगळ्यात जास्त माफ करणाराही तोच. आवर्तनाच्या तारखा पक्क्या करा आणि मग पीक बदलायला सांगा, असं शेतकरी म्हणतो तेव्हा तो विश्वेश्वरय्यांची हमीच परत मागत असतो.

ठिबकचंही तसंच. ठिबकला रोज थोडं पाणी लागतं आणि पाट महिन्यातून एकदा भरमसाट देतो. मधे विहीर किंवा शेततळं असेल तरच दोघांचं जमतं. ज्याच्याकडे ते नाही त्याला ठिबकचा उपदेश करणं म्हणजे दाणे नसलेल्याला दळण बारीक काढ म्हणणं.

"पाट काँक्रीटचा केला की संपलं ना?"

पाटाला आतून काँक्रीट लावण्याला अस्तरीकरण म्हणतात. त्यानं टेलला पाणी लवकर आणि जास्त पोचेल, हे नक्की. पण मग जमिनीखालच्या दुसऱ्या पाटाचं काय? ज्यांच्या विहिरी पाझरावर चालतात ते अस्तरीकरणाला विरोध करतात आणि टेलवाले त्यासाठी आंदोलन करतात. दोघंही शेतकरी, दोघंही खरे. एकाची गळती हा दुसऱ्याचा झरा आहे. अभियंत्याच्या नकाशात 'वहनव्यय' म्हणून लिहिलेला आकडा प्रत्यक्षात कुणाच्या तरी घासाचा असतो, हे लक्षात न घेता काम काढलं की ते पोलीस बंदोबस्तात करावं लागतं.

"धरण आमचं, मग पाणी जायकवाडीला का?"

प्रवरा नेवाशाजवळ प्रवरासंगमला गोदावरीला मिळते आणि गोदावरीवर पुढे पैठणला जायकवाडी आहे. साठा शंभर टीएमसीच्या वर, पण त्याचं आभाळ म्हणजे वरच्या नाशिक-नगरमधून वाहून येणारं पाणी. वर धरणं वाढली तसं खाली येणारं कमी झालं.

२००५ साली राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. त्यात तत्त्व असं की टंचाई आली तर ती खोऱ्यातल्या सगळ्यांनी वाटून घ्यायची. यालाच समन्यायी पाणीवाटप म्हणतात. या वाटपाचे नियम सुचवणाऱ्या मेंढेगिरी समितीच्या अहवालावरून प्राधिकरणानं २०१४ साली आदेश दिला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत, खरिपाचा वापर धरून, उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. २०१६ साली उच्च न्यायालयानंही समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं. २०२३च्या टंचाईत नाशिक-नगरच्या धरणांतून साडेआठ टीएमसीहून अधिक पाणी सोडण्याचा आदेश निघाला होता.

नगरकरांचा आक्षेप असा की नदीतून सोडलेलं पाणी कोरड्या वाळूत जिरतं, पोचतं ते कमी. मराठवाड्याचं उत्तर असं की तुमच्या उसाच्या आठ फुटांपुढे आमच्या पिण्याच्या पाण्याचा घोट मोठा नाही. माझं मत विचाराल तर नगरच्या पाटाखालच्या माणसाला हा न्याय कळायला अवघड जाऊ नये. पंगतीतल्या शेवटच्या पानाचं दुःख त्याच्याच टेलवाल्याला ठाऊक आहे. जायकवाडी म्हणजे साऱ्या खोऱ्याचं टेल.

मग निळवंडे आलं, त्यानं काय बदललं?

भंडारदऱ्याच्या खाली प्रवरेवरच निळवंडे धरण झालं, साठा आठ टीएमसीच्या थोडा वर. कल्पना १९७०ची, डाव्या कालव्यांच्या जाळ्याचं लोकार्पण झालं २६ ऑक्टोबर २०२३ला. एकूण खर्च सुमारे ५,१७७ कोटी आणि लाभ सात तालुक्यांतल्या १८२ गावांना, असे सरकारी आकडे आहेत. या कालव्यांचं वैशिष्ट्य म्हणजे ते जुन्या पाटांपेक्षा उंचावरून काढले आहेत. शंभर वर्षं जी गावं पाटाच्या वर म्हणून कोरडी राहिली, त्यांच्यासाठी ही नवी रेषा आहे.

नदी मात्र तीच. भंडारदऱ्याच्या खालचं पाणलोट आणि पुराचं वाहून जाणारं पाणी निळवंड्यात अडतं, ही खरी भर. पण पूर येतो तो चांगल्या वर्षी. वाईट वर्षी जुना पाट, नवा कालवा, गावांचे तलाव आणि पैठण, सगळ्यांचे अर्ज एकाच साठ्यावर येतात.

आणि हे अर्ज खरोखरचे असतात. १५ ऑक्टोबरचा आकडा लागला की काही दिवसांत कालवा सल्लागार समितीची बैठक बसते. आमदार, अधिकारी, शेतकरी प्रतिनिधी समोरासमोर. रब्बीला किती आवर्तनं, उन्हाळ्यात किती, पिण्यासाठी किती राखून ठेवायचं, यावर आवाज चढतात. मग पाटबंधाऱ्याच्या शाखेबाहेर सूचना लागते. डाव्या पाटाच्या टेलचा शेतकरी सात नंबरचा अर्ज घेतो, गट नंबर लिहितो, आणि पिकाच्या रकान्यात काय लिहावं यावर पेन धरून थोडा थांबतो.